पारध आणि पाटी

मराठीत सशाला एकच शब्द आहे, आणि घोटाळ्याची सुरुवात तिथूनच होते. पहिलीच्या तक्त्यावर 'स'समोर जो ससा असतो तो पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, गाजर खाणारा. तो मूळचा युरोपातल्या बिळात राहणाऱ्या जातीचा, माणसाने पाळून पांढरा केलेला. सोनपेठच्या शिवारात धुऱ्यावरून टुणकन उडतो तो ससा वेगळा. त्याचा रंग मातीचा, मानेवर मागे काळा डाग; शास्त्रज्ञ त्याला लेपस नायग्रिकॉलिस म्हणतात. तो बीळ करत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर दबून बसतो आणि रात्री चरतो. त्याची पिल्ले डोळे उघडे आणि अंगावर केस घेऊनच जन्मतात. पाळीव सशाची मात्र आंधळी आणि उघडी. म्हणजे आपण 'स सशाचा' शिकवतो तेव्हा ज्या मुलाने रानातला ससा पाहिलेला आहे, त्याला पहिल्याच दिवशी सांगतो की तू पाहिलेस ते खरे नव्हे.

हे मला एका मुलीमुळे कळले. सोनपेठपासून दोन कोसांवर आमचे शेत. मी तिसरीत असेन. दिवाळीच्या सुट्टीत पहाटे आजोबांबरोबर हरभऱ्याला गेलो, तर धुऱ्यावर पारध्याचे कुटुंब बसलेले. ससे कोवळा हरभरा खातात, म्हणून आजोबा त्यांना शेतात येऊ देत, वर भाकरीही देत. बापाजवळ माझ्याच वयाची मुलगी होती. त्याने तिच्यापुढे चार लेंड्या ठेवल्या आणि काही विचारले. तिने एक चिमटीत फोडली, आत पाहिले, दुसरी फोडली, मग हात करून दिशा दाखवली. आजोबा म्हणाले, "आजची कोणती आन् कालची कोणती, ते इचारलं त्यानं." बापाने फास लावला तो तिने दाखवलेल्या बाजूला. त्या दिवशी ससा मिळाला की नाही, ते मला आठवत नाही.

सुट्टीनंतर ती मुलगी आमच्या वर्गात आली. तिला दाराजवळ वेगळे बसवले. गुरुजींनी नाव विचारले नाही, जात विचारली. वर्गात कोणाची पेन्सिल हरवली की सगळ्या माना तिच्याकडे वळत. आठवडाभरात ती यायची थांबली. पटावर तिच्या नावापुढे बरेच दिवस गैरहजेरीची खूण पडत राहिली.

मुलांना पारधीला नेणे आणि त्यातून त्यांना स्वतःच्या पायावर उभे करणे, या गोष्टीकडे मराठी साहित्याने, कायद्याने आणि शिक्षणविचाराने कसे पाहिले, याची चिकित्सा या लेखात करायची आहे. लेख शिकारीच्या बाजूचा नाही, हे आधीच सांगतो. पण शिकारीला 'नाही' म्हणताना आपण आणखी कशाकशाला 'नाही' म्हणून बसलो, त्याचा हिशेब मांडायला हवा.

शब्दांची उतरंड

आपल्या भाषेत या एका कृतीला तीन शब्द आहेत. राजाने केली तर मृगया. सरदाराने, संस्थानिकाने, साहेबाने केली तर शिकार. हा फारसीतून आलेला दरबारी शब्द. पोटासाठी केली तर पारध. 'पारध'चे मूळ सांगताना कोशकार प्राकृत 'पारद्धि' आणि संस्कृत 'पापर्द्धी' हे शब्द देतात. पापर्द्धी म्हणजे पापाची वाढ. मृगयेला राजधर्माचे अस्तर आहे, शिकारीला शौर्याचे. पाप तेवढे पारध्याच्या वाट्याला आले. एकाच सशाच्या तीन मरणांना भाषेने तीन दर्जे दिले.

गोदाकाठाला हे नवे नाही. सोनपेठ तालुक्याच्या उत्तरेकडून गोदावरी वाहते; तिच्याच वरच्या अंगाला पैठण, सातवाहनांचे प्रतिष्ठान. त्या काळाशी जोडलेल्या हालाच्या 'गाथासप्तशती'त व्याध आहे, त्याची बायको आहे, त्यांचा प्रपंच आहे. तिथला व्याध गुन्हेगार नाही. शेतकरी आणि गुराखी यांच्यासारखाच तो गावकुसाजवळचा माणूस आहे. तो गुन्हेगार झाला फार नंतर, आणि कागदावर.

वाघूर हा शब्दही पाहण्यासारखा आहे. संस्कृत 'वागुरा' म्हणजे जाळे, त्यावरून तो आला. सशाला, हरणाला लावायचे जाळे ते वाघूर. गुजरातीच्या जवळची असलेली पारध्यांची बोली 'वाघरी' म्हणून ओळखली जाते. म्हणजे पारध्याचे मूल शाळेत येते तेव्हा त्याला अक्षरे नवी असतात आणि भाषाही नवी असते. आपण त्याला मंद म्हणतो, कारण आपली भाषा त्याला येत नाही. त्याची भाषा आपल्याला येत नाही, हे आपण मोजत नाही.

रानात गेलेली दोन मुले

साहित्यात रानात जाणारी मुले दोन प्रकारची आहेत. पहिले मूल रानात जाते आणि परत घरी येते. दुसऱ्याचे घरच रानात असते.

पहिल्या प्रकारचा जगप्रसिद्ध नमुना जिम कॉर्बेट. काळाढुंगीच्या रानात तो लहानपणी गलोल घेऊन हिंडला आणि पुढे कुंवरसिंग या चोरट्या शिकाऱ्याकडून रान वाचायला शिकला. '१९५३ साली प्रसिद्ध झालेल्या 'जंगल लोअर'मध्ये त्याने हे शिक्षण मोठ्या कृतज्ञतेने सांगितले आहे. मराठीत मारुती चितमपल्ली यांनी आपल्या घडणीचे श्रेय आई आणि मामा यांच्याबरोबरच्या रानातल्या फिरण्याला दिले, आणि वनाधिकारी झाल्यावर पारधी, गोंड, ढीवर यांच्याकडून शब्द न् शब्द गोळा केला. त्यांचे पक्षी आणि प्राणी यांचे कोश हे त्या ज्ञानाचे लिखित रूप. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले, तेव्हा एका अर्थाने या निरक्षर गुरूंचाच तो मान होता. व्यंकटेश माडगूळकर आधी बंदूक घेऊन रानात गेले आणि पुढे दुर्बीण व चित्रवही घेऊन. 'सत्तांतर'सारखी वानरांवरची कादंबरी त्या बैठकीतून आली.

या तिघांनीही आपला गुरू लपवला नाही, हे त्यांचे मोठेपण. तरीही एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. कुंवरसिंगाचे ज्ञान कॉर्बेटच्या हाती आले की त्याचे पुस्तक होते. कुंवरसिंगाच्या हाती ते होते तोवर तो चोरटा शिकारीच. ज्ञान तेच, पण ते कोणाच्या हाती आहे यावर त्याची किंमत ठरते.

दुसऱ्या मुलाची गोष्ट मराठीत उशिरा आली आणि ती त्या मुलानेच सांगितली. लक्ष्मण माने यांचे 'उपरा' १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली. 'उपरा'तले कैकाड्याचे मूल टोपल्या विणणाऱ्या, गाढवांवर बिऱ्हाड लादून फिरणाऱ्या घरातले. त्याचा बाप त्याला शाळेत घालण्यासाठी जिद्दीला पेटतो. 'उचल्या'त मुलाला उचलेगिरीचे शिक्षण मिळते आणि पकडले गेल्यावर मार सोसून तोंड बंद ठेवण्याचे वळण घरचेच लोक मारून मारून लावतात. ज्यांना भटक्यांचे जीवन रम्य वाटते त्यांनी ही पाने वाचावीत. बापाने मुलाला आपला धंदा शिकवणे, एवढ्यानेच ते शिक्षण पवित्र होत नाही. दुसरा धंदा करू दिला जात नाही, तेव्हा बाप पोराला जे येते तेच शिकवतो.

आणि 'बनगरवाडी'? १९५५ सालच्या या कादंबरीतला तरुण मास्तर धनगरांच्या वाडीत पोचतो तेव्हा शाळा ओस असते, कारण पोरे मेंढरांमागे रानात असतात. मास्तर त्यांना गोळा करतो, वाडीत मिसळतो, वाडीही त्याला आपला मानते. आपल्या साहित्यातला शाळा आणि रान यांचा हा सर्वांत प्रेमळ समझोता. तरी समझोता एकाच दिशेने होतो: रानातली पोरे शाळेत येतात. शाळा रानात जाऊन काही शिकत नाही. माडगूळकरांवर हा दोष नाही; त्यांनी जे होते ते लिहिले. पण त्या कादंबरीवर लिहिणाऱ्या आपण समीक्षकांनी हा प्रश्न विचारायला हरकत नव्हती.

फाशाचा अभ्यासक्रम

पारधी बाप मुलाला नेमके काय शिकवतो? 'शिकार' म्हटले की आपल्यापुढे मारण्याचा क्षण उभा राहतो. खरे तर तो सगळ्यात लहान भाग. आधी माग काढणे: पाऊल, लेंडी, कुरतडलेले गवत, दोन काटक्यांमध्ये दबलेली वाट. मग वेळ: ससा रात्री चरतो, उजाडायला परततो, आणि त्याची वाट सहसा ठरलेली असते. मग वारा, चंद्र, पीक. मग हातकाम: फासासाठी पूर्वी जनावराची तात किंवा घोड्याचा केस, आता नायलॉन, गाठ अशी की ती ओढली की आवळेल आणि सोडवली की पुन्हा वापरता येईल, खुंटी किती खोल, फास जमिनीपासून किती उंच. आणि शेवटी सगळ्यांत अवघड विषय, गप्प बसणे.

कैलाश मल्होत्रा, एस. बी. खोमणे आणि माधव गाडगीळ यांनी १९८३ साली महाराष्ट्रातील तीन भटक्या जमातींच्या शिकारपद्धतींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात दिसले ते असे. फासेपारधी फास लावून हरणे आणि पक्षी धरतात. शिकवलेल्या गाईच्या आडोशाने काळविटापर्यंत पोचतात. नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड मिळवतात. वैदू सापळे लावून मुंगसासारख्या लहान मांसाहारी प्राण्यांमागे असतात. एकाच माळावर तिघे हिंडतात, पण एकमेकांच्या ताटात हात घालत नाहीत. फाशात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर सोडून देण्याची फासेपारध्यांची रीतही गाडगीळांनी नोंदवली आहे. या रीतीमागे प्राणिदयेचा उपदेश नसेल. उद्याच्या भाकरीचा हिशेब असेल. तसा असला तरी तो हिशेब बापाने पोराला शिकवलेला होता, आणि तो आपल्या ऊस लावण्याच्या हिशेबापेक्षा लांबचा होता.

लुई लीबेनबर्ग या दक्षिण आफ्रिकी अभ्यासकाने कालाहारीतल्या शिकाऱ्यांबरोबर राहून १९९० साली एक पुस्तक लिहिले. माग काढणे हेच विज्ञानाचे मूळ असावे, असे त्याचे म्हणणे. मागकाढ्या खुणेवरून अंदाज बांधतो, तो अंदाज पुढच्या खुणेवर तपासतो आणि चुकला तर सोडून देतो. पुढे त्याने अक्षर न येणाऱ्या मागकाढ्यांसाठी चित्रखुणांचे संगणकीय साधन तयार केले, म्हणजे त्यांचे निरीक्षण थेट नोंदवता येईल. लीबेनबर्गचा दावा सगळा मान्य करायची गरज नाही. पण त्या पहाटे धुऱ्यावर लेंडी फोडून पाहणारी मुलगी काय करत होती? पुरावा पाहत होती, तुलना करत होती, निष्कर्ष काढत होती. त्याच वर्षी आम्ही शाळेत 'निरीक्षण करा' या मथळ्याखालचा मजकूर पाठ करत होतो.

कायद्याची दोन टोके

१८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे माणूस जन्मतःच गुन्हेगार ठरू लागला. पारध्यांवर तो शिक्का बसला. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा रद्द झाला. म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो. पण मुंबई राज्यात १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि गावात चोरी झाली की आधी पारध्याच्या पालावर जायची सवय गेली नाही. माझ्या वर्गातली पेन्सिल हे त्याच कायद्याचे लहान रूप होते.

दुसरे टोक रानाच्या बाजूने आले. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा झाला तेव्हा सशासारख्या लहान शिकारीला परवान्यावर मुभा होती. परवाना कोणाला मिळायचा? ज्याला अर्ज लिहिता यायचा, ज्याच्याकडे बंदूक असायची त्याला. १९९१च्या दुरुस्तीने शिकार सरसकट बंद झाली. हे योग्यच झाले. माळराने नांगरली गेली, पाटाचे पाणी आले, गोदेवर खडक्याचा बंधारा होऊन त्याचे पाणी परळीच्या वीज केंद्राला जाऊ लागले, उसाने शिवार भरले. अशा ठिकाणी ससा आणि तित्तिर यांनी आणखी मार सोसावा, असे कोणी म्हणणार नाही. पण न्यायाची बाजू अशी की माळ नांगरणाऱ्यावर गुन्हा नाही आणि माळावर फास लावणाऱ्यावर आहे. सशाचे घर ज्याने मोडले तो बागायतदार झाला. सशाला ज्याने धरले तो आरोपी झाला. आमच्या आजोबांच्या शेतात आता हरभरा नाही, ऊस आहे. मी स्वतः त्या बागायतदारांतला आहे, म्हणून हे वाक्य लिहिताना हात थोडा अडखळला.

स्वावलंबन कोणाचे?

ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींची नई तालीम पुढे आली. हातांनी उद्योग करत शिकावे, शाळेने शक्य तितके स्वतःच्या श्रमावर उभे राहावे, हा विचार आजही ताजा वाटतो. परंतु त्यातले उद्योग पाहा: सूतकताई, विणकाम, शेती, सुतारकी. हे सगळे स्थिर गावाचे उद्योग. ज्याला जमीन नाही, घर नाही, चरखा ठेवायला कोनाडा नाही, त्याच्या हातातले कसब या यादीत बसले नाही. पारध तर अहिंसेमुळे आपोआपच बाहेर. गांधीविचाराकडून शिकारीला मान्यता मागणे हा वेडेपणा ठरेल. माग काढणे, औषधी ओळखणे, दोर वळणे, पाणी शोधणे, यांत मात्र हिंसा नव्हती. आंघोळीच्या पाण्याबरोबर बाळ फेकू नये, हे आपण दुसऱ्यांना सांगतो. इथे बाळ गेले.

याच विचारातून एक वाट मात्र रानाकडे गेली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तिथली आदिवासी मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा या बायांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा हे तिचे नाव. गुरे चरतात, मुले शिकतात, आणि भोवतीचे झाड, दगड, किडा हेच साहित्य. 'बनगरवाडी'तल्या मास्तराने जे केले नाही ते इथे झाले. ही वाट मराठवाड्यात पुरेशी पोचली नाही.

आज स्वावलंबन शिकवण्याची मोठी हौस आहे. शहरातल्या मुलांसाठी सुट्टीत रानशिबिरे निघतात. तंबू ठोकणे, चूल पेटवणे, गाठी मारणे, ठसे ओळखणे, रात्र उघड्यावर काढणे. शिबिरे वाईट नाहीत. माझ्या नातवाला मी स्वतः पाठवले आहे आणि तो परत आला तेव्हा भाकरीला नावे ठेवत नव्हता. पण सोनपेठ भागातून दसरा-दिवाळीला ऊसतोडीला निघालेल्या गाड्यांत जी मुले बसतात, त्यांचे वर्षातले कित्येक महिने पाचटाच्या कोपीत जातात. चूल त्यांना येते, गाठ येते, धाकट्या भावंडाला सांभाळणे येते. त्याला आपण स्वावलंबन म्हणत नाही, शाळाबाह्य म्हणतो. एकच कौशल्य पैसे भरून शिकले तर व्यक्तिमत्त्व विकास आणि गरजेने शिकले तर मागासलेपण, हा हिशेब तपासायला हवा. उलट टोकाला जाऊन कोपीतल्या मुलाचे कौतुक करत त्याला कोपीतच ठेवणे, हाही तितकाच क्रूरपणा आहे. स्वावलंबनाला निवड लागते. ज्याच्यापुढे दुसरी वाट आहे त्याचेच रानात राहणे स्वावलंबन. बाकीच्यांचे ते नुसते तगून राहणे.

प्रश्नचिन्ह

या पेचातून कोणी वाट काढली का? थोडी काढली आहे. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीला १९९३ पासून पारधी आणि इतर भटक्या-विमुक्तांच्या मुलांसाठी निवासी शाळा उभी राहिली. गिरीश प्रभुणे यांचे 'पारधी' हे पुस्तक त्या अनुभवाजवळचे. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे फासेपारधी समाजातलेच शिक्षक मतीन भोसले यांनी २०१२ साली शाळा काढली आणि तिचे नाव ठेवले 'प्रश्नचिन्ह'. पुढे समृद्धी महामार्गाच्या आखणीत त्या शाळेच्या इमारतींचा आणि पाण्याचा काही भाग गेला. ज्यांच्या पायवाटा आधीच बुजल्या होत्या, त्यांच्या शाळेवरूनही रस्ता गेला. नाव किती नेमके होते, हे काळाने दाखवले.

अकोला-वाशिम भागात 'संवेदना' ही संस्था फासेपारध्यांबरोबर माळरान राखण्याचे काम करते. तिथे तणमोरासारख्या दुर्मिळ पक्ष्याचा ठावठिकाणा ठेवण्यात पारध्यांचे ज्ञान कामी येते. फास लावणारा डोळाच राखण करतो. मला या सगळ्यात हे उदाहरण सर्वांत शिकवण्याजोगे वाटते, कारण इथे पारध्याला आपले ज्ञान टाकून माणूस व्हावे लागत नाही.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. ससा मारू नये. त्याला वाचवणारा कायदा असावा आणि तो माळ नांगरणाऱ्यालाही लागू व्हावा. पारध्याच्या मुलाला शाळा हवी, आणि तिथे त्याचे नाव विचारले जावे. त्याच्या बापाला वर्षातून चार दिवस मानधन देऊन वर्गाला रानात न्यायला सांगावे: ठसे, लेंड्या, वाटा, वारा. त्या दिवशी बागायतदाराचा मुलगा आणि पारध्याची मुलगी यांच्यात हुशार कोण, याचा निकाल वेगळा लागेल. आणि समीक्षकांनी 'उपरा', 'उचल्या' वाचताना वेदना मोजून थांबू नये. त्या मुलांना काय काय येत होते, याचीही यादी करावी. वेदनेची दखल घेतली की आपले मन हलके होते. ज्ञानाची दखल घेतली तर वाटणी करावी लागते. आपण पहिले पत्करले, ते बहुधा त्यासाठीच.

ती मुलगी आज माझ्याच वयाची असेल. कुठे आहे ते मला माहीत नाही. मी पुढे शिकलो, प्राध्यापक झालो, निवृत्त झालो. आयुष्यभर मुलांना पुरावा पाहा, तपासा, मग बोला, असे सांगत आलो. त्यातला पहिला धडा मी शाळेत शिकलो नव्हतो. तो हरभऱ्याच्या धुऱ्यावर, चिमटीत लेंडी फोडणाऱ्या एका मुलीने दिला होता, आणि तिची गैरहजेरी मांडणाऱ्या वर्गात मी हजर होतो.